अर्धा एकर विकण्याआधी

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३९. एसटीत वाहक होते. २०१८ मध्ये सुट्टीच्या दिवशी दुचाकीवरून जाताना टेम्पोची धडक बसली आणि एक पाय मांडीतून कापावा लागला. आता डेपोतच टेबलाचं काम करतात. पहिला कृत्रिम पाय शिबिरात मिळाला, दुसरा २०२० मध्ये पैसे भरून करून घेतला, तोच आजवर वापरतात. त्याचा सॉकेट, म्हणजे उरलेली मांडी आत बसते तो कडक कप, व्हॉल्व्हचा आहे. तो धरेनासा झाला म्हणून कमरेला पट्टा आला, आत एकावर एक तीन मोजे आले. उन्हाळ्यात घाम साठतो, जांघेत फोड येतात, महिन्यातले आठ-दहा दिवस कुबड्यांवर जातात. गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात जेवायला बसताना सॉकेटमधून ‘नको तसला’ आवाज झाला आणि पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून त्यांनी कार्यांना जाणं सोडलं.

सिडनीच्या मामेभावाने व्हिडिओ पाठवलेत. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवून त्याला थेट कृत्रिम पाय जोडलेला एक माणूस जिना धडाधड उतरतो आहे. यांना तेच हवं आहे. अर्धा एकर विकला तर पैसे उभे राहतील. घरी पत्नीला अजून काही सांगितलेलं नाही. ‘पुन्हा गाडीवर जायचं आहे, डबल बेल मारायची आहे. सॉकेट मला मानवतच नाही. हाडातला पाय करून घेऊ का?’ असं ते विचारतात. शेवटी एक ता. क. आहे, तो उत्तराच्या शेवटी घेते.

उत्तर :

भाऊ, तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या वाचनात सिडनीचा तो जिना लक्षात राहिला. दुसऱ्या वाचनात पेन्सिल थांबली ती लग्नातल्या आवाजापाशी. तुम्ही ती ओळ कंसात लिहिली आहे, लाजत. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात कामाची वाटली.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. कृत्रिम पायांच्या वर्कशॉपला लागून असलेल्या खोलीत तीस वर्षं लोकांना समांतर दांड्यांमध्ये चालायला शिकवलं. तो आवाज त्या खोलीत रोज व्हायचा. आम्ही त्याला एक नावही ठेवलं होतं, ते छापण्यासारखं नाही. पण तो ऐकू आला की शेजारचा फिटर हातातलं काम सोडून यायचा, कारण त्याचा अर्थ एकच असायचा : सॉकेट सैल झालाय. पाय उचलला की आत हवा शिरते, वजन टाकलं किंवा बसलं की ती हवा वाट मिळेल तिथून बाहेर पडते. पोरं हसली ती तुमच्या पायाला नव्हती हसली. ज्या कारभारात २०२० नंतर तुमचा स्टंप (कापल्यावर उरलेली मांडी) कुणी पुन्हा मापलाच नाही त्याला हसली, त्यांना ते माहीत नव्हतं एवढंच.

आता तुमच्याच पत्रातल्या गोष्टी एका रांगेत लावून बघा. पाय कापल्यावर स्टंपची सूज पहिल्या वर्षभरात उतरत जाते, न वापरलेले स्नायू बारीक होतात. पुढेही वजन बदललं की स्टंपचा घेर बदलतो. तुम्ही जाता जाता लिहून गेलात की हा सॉकेट झाला तेव्हा वजन ८४ किलो होतं, आता ७३ आहे. अकरा किलो कुठून कमी झाले? थोडे पोटावरून, थोडे मांडीवरून. सॉकेट प्लास्टिकचा, तो काही तुमच्याबरोबर बारीक होत नाही. मग स्टंप आत खोल जातो, सॉकेटची वरची कड जांघेत आणि बसण्याच्या हाडापाशी रुतते, तिथेच फोड. फोडांचं खापर तुम्ही घामावर फोडलंत. घाम आहेच, पण घासणारी कड नसती तर नुसत्या घामाने इतकं झालं नसतं.

आणि ते तीन मोजे. व्हॉल्व्हचा सॉकेट चालतो तो पोकळीवर. उघडी कातडी, किंवा तिच्यावर चढवलेलं सिलिकॉनचं मऊ आवरण म्हणजे लायनर, आतल्या भिंतीला चिकटून बसला की हवा बाहेर जाते आणि पाय धरून राहतो. मध्ये मोजा आला की ती पोकळी संपली. मोजे घालायचे तर त्यासाठीचा सॉकेट वेगळा असतो, लायनरच्या टोकाला पिन असलेला किंवा पट्ट्यावर पेललेला. तुम्ही आज जे वापरताय ते ना धड हे, ना धड ते. त्यामुळे ‘सॉकेट मला मानवत नाही’ हे तुमचं वाक्य मी अजून मान्य करायला तयार नाही. तुमच्या आजच्या मांडीला बेतलेला सॉकेट तुम्ही एक दिवससुद्धा घातलेला नाही.

हे लिहिताना माझी एक चूक आठवते, ती सांगायलाच हवी, नाहीतर ही बाई सॉकेटची वकिली करतेय असं तुम्हाला वाटेल. एक बाई आमच्याकडे यायच्या. पाय घातला की ठराविक जागी वीज चमकल्यासारखी कळ यायची. ‘सवय होईल’ असं मी त्यांना आठ महिने सांगत राहिले. सॉकेट दोनदा घासून दिला. शेवटी कळलं की कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली होती आणि सॉकेट नेमका तिच्यावर दाबत होता. सवयीने गाठ जात नाही. त्या दिवसापासून दुखण्याला मी सवय म्हणत नाही. तुमचं दुखणंही मी सवयीवर ढकलत नाहीये. ते आधी तपासून घ्या, इतकंच म्हणते.

आता हाडातल्या पायाविषयी. त्याचा शोध पायासाठी लागलेलाच नाही. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर ती महागाची नळकांडी काढून पुन्हा वापरायची होती, ती निघेनात. हाड धातूला धरून वाढलं होतं. त्यातून १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिलं दाताचं इम्प्लांट बसलं. आज कराडच्या दातांच्या दवाखान्याबाहेर ‘इम्प्लांट’ अशी पाटी दिसते, तिचं मूळ तिथलं. १९९० मध्ये गोथेनबर्गला मांडीतून पाय गेलेल्या माणसावर पहिल्यांदा हाच उपाय केला गेला, आणि ब्रोनेमार्कांचे चिरंजीव रिकार्ड यांनी पुढे ते काम वाढवलं.

स्वीडिश पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत आटे असलेला टायटॅनियमचा भाग बसवून जखम बंद करतात. साधारण सहा महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया होते, तेव्हा त्याला जोडलेला दांडा स्टंपच्या टोकाच्या कातडीतून बाहेर काढतात. मग काही आठवड्यांनी व्यायाम सुरू. घरातल्या साध्या वजनकाट्यावर दांडा टेकवून २० किलो भार द्यायचा, दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. सगळं धरून वर्ष जातं. जर्मनी, नेदरलँड्स आणि तुमच्या भावाच्या ऑस्ट्रेलियात दुसरी पद्धत जास्त चालते. तिथे खरखरीत पृष्ठभागाचा दांडा हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि बऱ्याचदा एकाच शस्त्रक्रियेत काम होतं, त्यामुळे माणूस लवकर उभा राहतो. सिडनीत हे काम पुढे नेणारे मुंजेद अल मुदेरिस स्वतः १९९९ मध्ये इराकमधून पळून, बोटीने ऑस्ट्रेलियाला पोचलेले निर्वासित. तुमच्या भावाने पाठवलेल्या एखाद्या व्हिडिओत तेही असतील.

फायदे खरे आहेत, त्यात मी हातचं राखत नाही. सॉकेटच नाही, म्हणून कड नाही, घाम साठत नाही, मांडी मोकळी. पाय लावायला-काढायला काही सेकंद. खुर्चीत बसताना बुडाखाली प्लास्टिक येत नाही. खुब्याची हालचाल पूर्ण होते. पायाखाली फरशी आहे की गालिचा हे हाडातून कळतं असं ही माणसं सांगतात, आणि ते खोटं नाही, जमिनीचा हादरा थेट हाडाला मिळतो. नेदरलँड्समधल्या नायमेखेनला २२ जणांची आधी आणि नंतर अशी मापं घेतली होती. सॉकेट असताना ते आठवड्याला सरासरी ५६ तास पाय वापरत, दांडा बसवल्यावर १०१ तास. चालताना लागणारा प्राणवायू १८ टक्क्यांनी कमी झाला. ज्याला डेपोच्या गेटपासून टेबलापर्यंत जाताना धाप लागते त्याला या आकड्याचं मोल मी सांगायला नको.

पण ती माणसं कोण होती हे व्हिडिओत सांगत नाहीत. सॉकेटने आधीच हात टेकलेले लोक होते ते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये स्वीडिश पद्धतीला पूर्ण मान्यता दिली, तीही कुणासाठी? अपघात किंवा कॅन्सरमुळे मांडीतून पाय गेलेल्या आणि साध्या सॉकेटवर ज्यांचं पुनर्वसन अडलंय किंवा ज्यांना तो वापरताच येत नाही अशा प्रौढांसाठी. दाराशी पोचायचं तर सॉकेटची पायरी चढूनच जावं लागतं. अपघाताची अट तुम्ही पुरी करता. सॉकेट अडल्याची अट पुरी होते का, ते अजून ठरायचंय.

आणि मग ते भोक. कातडीतून धातू बाहेर आलेला असतो आणि ती जागा कधीच पूर्ण मिटत नाही. नख आणि हरणाचं शिंग सोडलं तर निसर्गालासुद्धा ही कला फारशी जमलेली नाही. त्याला स्टोमा म्हणतात. रोज साबण-पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, जन्मभर. त्यातून थोडा स्राव येतो, कपड्यांना डाग पडतात. स्वीडनमध्ये ५१ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. ९२ टक्के इम्प्लांट जागेवर टिकले, हे चांगलंच. पण त्या पाच वर्षांत ३४ जणांना मिळून वरवरचे ७० संसर्ग झाले, त्यातले बहुतेक पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकने बरे झाले. ११ जणांना खोलवरचे, हाडाकडे जाणारे संसर्ग झाले. काहींचे बाहेरचे दांडे किंवा स्क्रू वाकले-मोडले, ते बदलावे लागले.

हे आकडे मी घाबरवायला देत नाहीये. तिकडे ज्याला असा संसर्ग होतो तो दोन दिवसांत ज्यांनी दांडा बसवला त्यांच्यासमोर बसलेला असतो. तुमच्या गावात श्रावणात, ओढ्याला पाणी आलेलं असताना, रात्री ताप चढला आणि स्टोमा लाल झाला तर तुम्ही कुठे जाणार? तालुक्याच्या डॉक्टरने असला दांडा आयुष्यात पाहिलेला नसेल. दांड्याचा स्क्रू मोडला तर तो कुठून येणार, किती दिवसांत, कितीला? आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रोजची नाही. सॉकेटची कड फुटली तर सातारा-पुण्यात कुणीतरी ती गरम करून वळवून देतं. शिवाय भातलावणीच्या चिखलात, नदीच्या पाण्यात उतरणं स्टोमा असलेल्या माणसाने टाळायचं असतं. पत्रात तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात अजूनही कुबडी घेऊन खाचराच्या बांधावर जाऊन बसता. बांधापर्यंत ठीक, खाली उतरायचं नाही, एवढं लक्षात असू द्या.

एकाच्या बदल्यात दुसरं आहे हे. सॉकेटचा त्रास रोजचा, छोटा, कटकटीचा. दांड्याचा त्रास क्वचित येणारा, पण आला तर मोठा. कुणाला कुठला परवडतो हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता व्हिडिओतल्या जिन्याकडे परत जाऊ. तो माणूस एकामागून एक पाय टाकत, कठडा न धरता उतरतो ना? दांडा काही ते करत नाही, ती करामत गुडघ्याची आहे. संगणकाची चिप असलेला गुडघा, जर्मन कंपनी ओटोबॉकने असा एक १९९७ मध्ये बाजारात आणला, आता अनेक कंपन्यांचे मिळतात. पायरीवर वजन आलं की तो हळूहळू, रोखून वाकतो, खचत नाही. असा गुडघा सॉकेटलाही बसतो. आणि उलट, हाडात दांडा बसवून खाली तुमचा आजचाच साधा गुडघा जोडला तर जिना आहे तसाच एकेक पायरी उतरावा लागेल. भावाला विचारा, त्याने सांगितलेल्या रकमेत गुडघा धरला आहे का. (रक्कम तुम्ही लिहिली आहे, इथे छापत नाही.) माझा अंदाज, धरलेला नाही. म्हणजे अर्धा एकर विकूनही व्हिडिओ अर्धाच हाती लागेल.

जाता जाता, शेजारी सांगतात तसं ‘जयपूर फूट घे, सगळं ठीक होईल’ यावरही थांबू नका. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेलं ते रबरी पाऊल आपल्या लोकांसाठी फार मोलाचं आहे. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसायला, शेतात जायला सोयीचं. पण ते पाऊल आहे. तुमचं दुखणं पार वरच्या टोकाला आहे.

डबल बेलविषयी लिहायला मी मुद्दाम उशीर केला. घाटातल्या वळणावर, खच्चून भरलेल्या गाडीत, एका हातात तिकीट मशीन आणि दुसऱ्या हाताने सुट्टे मोजत उभं राहणं म्हणजे काय, ते मी प्रवासी म्हणून पाहिलंय. ड्रायव्हरने ब्रेक मारला की धड एकीकडे जातं आणि पाऊल जागेवर राहतं. सॉकेटमध्ये तो पीळ मांस, कातडी आणि थोडा ढिलेपणा मिळून पचवतात. हाडातल्या दांड्यावर तो थेट हाडाला जातो. म्हणून दांडा आणि गुडघ्याच्या मध्ये सुरक्षेचा जोड बसवतात, ठराविक जोरापलीकडे पीळ आला की तो सुटतो. सुटला म्हणजे हाड वाचलं, पण तुम्ही गाडीत पडलात. स्वीडिश पद्धतीत धावणं आणि उड्या मारणं करू नका असंच सांगतात. मांडीतून पाय गेलेल्या माणसाने गाडीवर परत जावं की नाही हे एसटीचे डॉक्टर ठरवतील. पण हाडातला पाय घेतला की ते दार उघडेल या भरवशावर जमीन विकू नका, तो भरवसा कुणीच दिलेला नाही. टेबलाच्या कामाची नोकरी कुणी उपकार म्हणून दिलेली नाही, हेही माहीत असू द्या. सरकारी किंवा सरकारी महामंडळाच्या नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, पद खाली आणता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे.

एक विचारते, राग मानू नका. गाडी हवी आहे की गाडीवरचा तो माणूस हवा आहे, ज्याला गावोगावचे लोक नावाने हाक मारायचे? दुसरं असेल तर लग्नकार्यांना जाणं बंद करून तुम्ही तो माणूस स्वतःच घरात कोंडलाय, आणि त्याला बाहेर काढायला ऑपरेशन लागत नाही.

सिगारेटींबद्दल थोडक्यात. दिवसाला पाच-सहा असं लिहिलंय, म्हणजे आठ-नऊ धरते. धुराने हाड भरायला वेळ लागतो आणि संसर्ग वाढतो. हे काम नीट करणारा सर्जन धूम्रपान करणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. सॉकेट घ्या की दांडा, ही सवय दोन्हीकडे आडवी येते. आजपासून थांबवा.

मग करायचं काय? आधी पंधरा दिवसांचं वेबिल लिहा, वाहक गाडीवर नोंदी ठेवतो तसं. तुम्हाला वेबिल शिकवायला नको. पाय कितीला घातला, कितीला काढला, मोजे किती, फोड नेमका कुठे (मांडीचं चित्र काढून फुली मारा), आवाज झाला का, किती चाललात. संध्याकाळी मोजे वाढवावे लागतात की कमी करावे लागतात तेही. हा एक कागद बघून चांगला प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पाय बेतणारा तज्ज्ञ, अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत करतो. उघडा फोड असेल त्या दिवशी पाय घालायचा नाही. स्टंपवरचे केस काढू नका, त्यानेच पुळ्या येतात. सॉकेट आतून रोज रात्री साध्या साबणाने पुसून वाळवा. घाम फारच असेल तर रात्री झोपताना, कातडी धड असेल तिथेच, घाम रोखणारा रोल-ऑन लावा, सकाळी धुवा. दिवसभर खुर्चीत बसून खुब्याचे पुढचे स्नायू आखडलेत, कंबर त्यामुळेच दुखते. रोज दोनदा वीस मिनिटं पोटावर पालथे झोपा, स्टंपखाली उशी न घेता. हे न करता हाडातला पाय घेतलात तरी वाकूनच चालाल.

वेबिल घेऊन मुंबईला हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये जा. १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. किंवा पुण्यात जिथे पदवीधर प्रोस्थेटिस्ट असेल तिथे. शिबिरात जाऊ नका. शिबिरं खूप लोकांना उभं करतात, पण एका दिवसात माप आणि दुसऱ्या दिवशी पाय ही घाई तुमच्या कामाची नाही. गेल्यावर दोन गोष्टी मागा. सिलिकॉन लायनर मानवेल का ते बघायला सांगा. आणि पक्का सॉकेट ओतण्याआधी पारदर्शक ट्रायल सॉकेट करायला सांगा. त्यातून कातडी कुठे पांढरी पडतेय, म्हणजे कुठे दाब जास्त आहे, ते डोळ्यांनी दिसतं. तो घालून उभे राहा, बसा, जिना चढा. आवाज झाला तर तिथल्या तिथे सांगा, लाजू नका. स्टंपची लांबी आणि हाडाच्या टोकाचा एक्स-रेही बघून घ्या. स्टंप फार आखूड असेल, जळलेली किंवा दुसरीकडून आणून लावलेली कातडी असेल, तर सॉकेट कितीही चांगला बेतला तरी धरत नाही. अशांच्या बाबतीत हाडातल्या पायाचा विचार मी स्वतः पुढे करेन.

नव्या सॉकेटला सहा महिने द्या. नीट बेतलेले दोन सॉकेट होऊनही फोड थांबले नाहीत तर मला परत लिहा, आणि तेव्हा मी सॉकेटची बाजू घेणार नाही. त्या वेळी सर्जनला विचारायचे प्रश्न आत्ताच लिहून ठेवा : तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या? पाच वर्षांपूर्वी केलेले लोक आज कसे आहेत? खोल संसर्ग झाला तर दांडा काढणार कोण, आणि काढल्यावर सॉकेट घालता येईल का? सुटे भाग कुठून येतात? आणि दोन पेशंटची भेट घालून द्या, त्यातला एक ज्याचं बिघडलं होतं असा. या शेवटच्या विनंतीवर डॉक्टरांचा चेहरा कसा होतो ते नीट बघा.

राहिली पत्नी. सिडनीच्या भावाला सांगितलंत, मला अनोळखी बाईला चार पानं लिहिलीत, आणि घरातल्या माणसाला नाही. ती नको म्हणेल अशी भीती असेल. म्हणू द्या की. जमीन तिचीही आहे. उद्या खरंच दांडा बसला तर रोज सकाळी स्टोमा लाल झालाय का, हे मागून वाकून बघायला कुणीतरी लागेल. तुम्हाला तो आरशात बघावा लागतो, तिला सरळ दिसतो. आणि कोण जाणे, लग्नातला तो आवाज तिने ऐकला असेल आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आजवर काही बोलली नसेल. ट्रायल सॉकेटच्या दिवशी तिला बरोबर घेऊन जा.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय : हाडातला पाय असला तर सत्यनारायणाच्या पूजेला मांडी घालून बसता येईल का?

येईल, आणि सॉकेटमध्येही येईल. सॉकेट आणि गुडघा यांच्यामध्ये एक फिरता जोड बसवतात, रोटेटर म्हणतात त्याला. बाजूचं बटण दाबलं की गुडघ्याखालचा सगळा पाय हाताने वळवून आत घेता येतो, उठताना परत सरळ केला की खटकन बसतो. आपल्याकडे तो मागणारे पुष्कळ आहेत, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं. त्याला थोडी जागा लागते, म्हणून स्टंप फार लांब असेल तर अडचण येते. दांड्याच्या पायालाही हीच अट आहे, फक्त तिथे बुडाखाली कड नसते, तेवढं बसणं सोपं. नवा सॉकेट मापायला जाल तेव्हा पहिल्याच भेटीत रोटेटर हवाय म्हणून सांगा, नंतर सांगितलं तर उंचीचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. आणि पूजेला बसताना पाट घेऊ नका, घसरतो. जाड सतरंजी बरी.